त्रेचाळीस चादरींचा पंचनामा

डिसेंबरातला तिसरा मंगळवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. रक्कम एकोणीस हजार दोनशे रुपये. हजर माणसं तीन: एक हवालदार, एक चहावाला आणि मी. रोख पैसे कुणाच्याच हातात नव्हते. ही रक्कम म्हणजे चाळीस चादरींची किंमत, नगाला चारशे ऐंशीप्रमाणे, आणि ती एका टाइप केलेल्या कागदावर होती. त्या कागदाखाली मला सही करायची होती.

हे लिहायला बसलो आणि दोनदा उठून पाणी पिऊन आलो. इतके महिने झाले तरी त्या दिवसाची आठवण आली की छाती धडधडते. भीतीने थोडी, पण जास्त करून आनंदाने. बायको म्हणते, "एवढं काय त्यात, चादरी मोजल्या की नाही तुम्ही? रोजच मोजता." रोजच मोजतो, खरं आहे. मी सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात बावीस वर्षं स्टोअरकीपर आहे. माल आला की मोजायचा, माल गेला की मोजायचा, आणि मोजल्याशिवाय कशाखालीही सही करायची नाही, एवढंच मला येतं.

त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी नवी पेठेत मिक्सरच्या भांड्याचं पातं बदलायला निघालो होतो. गर्दी म्हणून स्कूटर अलीकडेच, पोलीस ठाण्याच्या भिंतीला लावली. दारात साठीकडे झुकलेला, पोट सुटलेला, हसतमुख हवालदार उभा होता. त्याने हाक मारली.

"ओ काका, दोन मिनिटं आहेत का? पंच पाहिजे एक. सही केली की मोकळे."

पोलीस कुठे झडती घेऊन माल जप्त करतात तेव्हा बाहेरची दोन माणसं साक्षीला लागतात. ते पंच. सरकारी काम, नाही कसं म्हणायचं? भांड्याची पिशवी घेऊन मी आत गेलो. पायरीवर एक बाई बसली होती. चाळिशीची, केस विस्कटलेले, शेजारी रिकामी पाण्याची बाटली. ती माझ्याकडे बघत होती.

आत टेबलावर कागद तयार होता. एक पंच आधीच सही करून बसला होता, समोरच्या टपरीवरचा चहावाला. हवालदाराने पेन पुढे केलं. मी पेन घेतलं आणि चष्मा लावून कागद वाचायला लागलो.

"वाचता कशाला काका? रोजचंच असतंय."

"सही माझी आहे ना, म्हणून वाचतो."

कागदात लिहिलं होतं की आज सकाळी नऊ वाजता, आम्हा दोन पंचांच्या समक्ष, आरोपीच्या राहत्या घराची झडती घेतली आणि एका गोदामवाल्याच्या फिर्यादीप्रमाणे चोरीस गेलेल्या, लेबल लावलेल्या एक नंबरच्या चाळीस चादरी मिळून आल्या. पुढे घराचं वर्णन होतं: पत्र्याची एक खोली, दक्षिणेला तोंड, आत लोखंडी पलंग. वर वस्तीचं नाव होतं. ते वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की प्रकरण कसं आहे. त्या वस्तीत अशा जमातीची घरं आहेत की ज्यांच्यावर इंग्रजांनी जन्मापासून गुन्हेगार म्हणून शिक्का मारला होता. सेटलमेंट नावाच्या सरकारी वसाहतीत, तारेच्या कुंपणात त्यांची हजेरी व्हायची ते माझ्या वडिलांनी लहानपणी पाहिलं होतं. कायदा जाऊन सत्तर वर्षं उलटली. पण शहरात कुठे चोरी झाली की अजून पहिली जीप तिकडेच जाते, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही.

"हवालदारसाहेब," मी म्हणालो, "सकाळी नऊ वाजता मी घरी भाकरी खात होतो. हे घर मी पाहिलेलं नाही."

"अहो, लिहायची पद्धत असती ती."

मी चहावाल्याला विचारलं, "तुम्ही पाहिलंत का घर?"

"कुठलं घर?" तो म्हणाला.

हवालदार त्याच्याकडे बघून म्हणाला, "काय बे तू!" आणि स्वतःच हसायला लागला. मला मात्र हसू आलं नाही. "माल कुठं आहे?" मी विचारलं.

माल कोपऱ्यात होता. प्लॅस्टिकचा मोठा कागद, त्यावर सुतळी, आणि सुटलेला ढीग. मी पिशवी टेबलावर ठेवली, बाह्या सरसावल्या आणि मोजायला बसलो. कुणाची परवानगी विचारली नाही. माझे हात आपोआपच चालतात त्या कामात. पाच, दहा, पंधरा. चाळीस झाल्या आणि खाली अजून होत्या. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. पुन्हा मोजल्या. त्रेचाळीसच.

"साहेब, चोरीला गेल्या चाळीस. सापडल्या त्रेचाळीस. तीन काय चोरानं पदरच्या घातल्या?"

चहावाला फिस्सकन हसला. हवालदार मात्र जराही गडबडला नाही. तो उठला, शांतपणे वरच्या तीन चादरी उचलल्या आणि कपाटावर ठेवल्या. "झाल्या चाळीस. करा सही."

फिर्यादीत चाळीस होत्या म्हणून कागदावर चाळीस आल्या, आणि कागदावर चाळीस म्हणून आता ढिगातही चाळीस. आकड्यावर मी आयुष्यभर विश्वास ठेवला. पण आधी आकडा लिहून मग त्याच्या मापाने माल कापायचा, हे मी कुठल्याच गोदामात पाहिलं नव्हतं. माझ्या आवाजाचं मलाच आश्चर्य वाटलं. "त्या तीन खाली ठेवा," मी म्हणालो. "मी मोजलेल्या आहेत त्या."

हवालदाराचं हसू जरा कमी झालं. "काका, बाहेरची ती स्कूटर तुमची का? कागद आहेत का?"

"आहेत. इन्शुरन्स मार्चपर्यंत. पीयूसीचे अजून अडतीस दिवस बाकी. लायसन्स दाखवू?"

"अय्यय्यो," चहावाला पुटपुटला, "हा माणूस हिशेबाचा दिसतो ओ साहेब."

तेवढ्यात ठाण्यातल्या उपनिरीक्षक मॅडम आत आल्या. तिशीच्या असतील. हातात फाइल, डोळ्यांखाली काळं. "काय चाललंय? दुसऱ्या पंचाची सही झाली का?" मी उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं. घर पाहिलं नाही, माल त्रेचाळीस आहे, कागदावर चाळीस आहे. बोलता बोलता माझी नजर ढिगातल्या वरच्या चादरीकडे गेली आणि मी मध्येच थांबलो. चादरीचा एक कोपरा कापलेला होता. दुसरी उचलली. तिचाही. तिसरी, चौथी. सगळ्यांचा एकेक कोपरा बोटभर उडवलेला.

"मॅडम, हा सेकंडचा माल आहे!" मी जवळजवळ ओरडलोच.

"म्हणजे?"

म्हणजे असं. मागावर चादर विणताना कुठे धागा तुटतो, कुठे रंग सांडतो. तो माल दुकानात जात नाही. त्याचं लेबल काढतात आणि एक कोपरा कात्रीने कापतात, म्हणजे पुढे कुणी तो चांगला माल म्हणून परत करायला आणू नये. मग तो फेरीवाल्यांना विकतात. फिर्यादीत काय लिहिलं होतं? गोदामातून लेबल लावलेला, एक नंबरचा माल गेला. चारशे ऐंशीला कोपरा कापलेली चादर सोलापुरात कोण घेईल?

मॅडम चादर हातात घेऊन बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही वकील आहात का?"

"नाही मॅडम. स्टोअरकीपर."

"कोपरा घरी पण कापता येतो," हवालदार म्हणाला. "चोर काय कमी असतोय?"

हे काही खोटं नव्हतं. तेव्हा पायरीवरची बाई दारापर्यंत आली. तिने सगळं ऐकलं असावं. "चिठ्ठी हाय की!" ती म्हणाली. "कालधरनं सांगतिया, चिठ्ठी हाय. कुणी बगतच न्हाय."

तिने पदराची गाठ सोडली. आत घडी घातलेला वहीचा कागद. हवालदार म्हणाला, "बघितली ती. तिच्यात नग कुठं लिहिलेत? नुसते किलो आहेत. कशाची पण असेल."

मी चिठ्ठी घेतली आणि चष्मा सारखा करून वाचली. सेकंडचा माल नगावर कधी विकत नाहीत! तो ढिगाने काट्यावर टाकतात. नग कोण मोजणार? चिठ्ठीवर रविवारची तारीख होती आणि पेन्सिलने लिहिलं होतं: एक्कावन्न किलो चारशे ग्रॅम. खाली 'पैसे मिळाले' आणि एक वेडीवाकडी सही.

"बाई, यातला किती माल विकलाय?"

"एक बी न्हाय. आज मंगळवारचा बाजार, आजच बसणार हुतो. सोमवारी सांजच्याला हे आलं आन् माल बी नेला, मानूस बी नेला. सा वाजल्यापास्नं मी हितंच हाय. भेटू देईनात."

मी मॅडमकडे वळलो. "मॅडम, वजन करा. माल पूर्ण आहे, चिठ्ठी वजनाची आहे. जुळलं तर जुळलं, नाही जुळलं तर मी आहे तशा कागदावर सही करतो आणि जातो."

हे बोलून गेलो. नाही जुळलं तर? बाई माझ्याकडे बघत होती. आत कुठेतरी तिचा नवरा होता, मी अजून त्याला पाहिलंही नव्हतं, आणि मी त्याचं घरी जाणं एका काट्यावर टाकलं होतं.

मॅडमनी घड्याळ बघितलं. "याला आज कोर्टात न्यायचंय," त्या म्हणाल्या. मग हवालदाराला म्हणाल्या, "चला. करून टाका एकदाचं."

ठाण्याच्या डाव्या बाजूला तिसरं दुकान किराणा मालाचं. तिथे इलेक्ट्रॉनिक काटा. त्रेचाळीस चादरी आम्ही तिथवर नेल्या ते दृश्य मी विसरणार नाही. पुढे मी, काखेत अकरा. मागे चहावाला, डोक्यावर अकरा. त्याच्यामागे हवालदार, कुरकुरत, आणि शेवटी बाई, कपाटावरच्या त्या तीन चादरी सगळ्यांच्या वर ठेवून. रस्त्यावरचे लोक थांबले. कुणीतरी विचारलं, "काय ओ, सेल लागलाय का?"

काट्यावर एका वेळी पंधरा किलोच मावत होते, म्हणून चार खेपा केल्या. मी मोठ्याने वाचत होतो आणि मॅडम स्वतः त्यांच्या डायरीत लिहीत होत्या. अकरा नग, तेरा किलो शंभर. अकरा नग, तेरा किलो पन्नास. अकरा नग, बरोबर तेरा. गर्दी एवढी झाली की दुकानदार गिऱ्हाइकाला साखर द्यायची विसरला. शेवटचे दहा नग: बारा किलो शंभर.

"बेरीज?" मॅडमनी विचारलं. त्यांच्या आधी माझी झाली होती. "एक्कावन्न किलो अडीचशे."

"मग नाही जुळलं," हवालदार म्हणाला. "दीडशे ग्रॅम कमी."

बाई एकदम पुढे आली. "आन् वरचा कागुद? सुतळी? ती धरून वजन केलंतं की त्यांनी!"

चहावाला पळतच ठाण्यात गेला. सांगतो ते खरं, त्या माणसाला पळताना कुणी पाहिलं नसेल. प्लॅस्टिकचा कागद आणि सुतळीचा गुंडाळा घेऊन आला आणि काट्यावर टाकला. एकशे चाळीस ग्रॅम.

गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली. मी मॅडमसमोर उड्या मारायचंच काय ते बाकी होतं. एक्कावन्न किलो तीनशे नव्वद! राहिलेले दहा ग्रॅम कुठे गेले त्याचा हिशेब मला आजही लागलेला नाही, आणि खरं म्हणजे मला त्याची टोचणी आहे.

आम्ही ठाण्यात परतलो आणि मॅडमनी फिर्यादी गोदामवाल्याला फोन लावला. स्पीकरवर. "तुमच्या मालाचा कोपरा कापलेला होता का?"

"छे छे! एक नंबरचा माल, लेबलासकट. कोपरा कापलेला माल मी कशाला गोदामात ठेवू?"

"तुम्हाला माल ओळखायला बोलावलं होतं का कुणी?"

"नाही बुवा. साहेब म्हणाले, सापडला."

मॅडमनी फोन ठेवला. "झडतीचं शूटिंग कुठाय?" त्यांनी हवालदाराला विचारलं. आता नव्या कायद्याने झडती मोबाइलवर चित्रित करावी लागते, हे मला तेव्हाच कळलं.

"मोबाइल चार्जिंगला होता मॅडम."

"कुणाचा?"

"सगळ्यांचाच."

मॅडमनी हातातली फाइल मिटली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "दर सोमवारी वरून विचारतात, किती गुन्हे उघड केले. काही नाही असं सांगून बघा एकदा." हा खुलासा होता की तक्रार, ते मला कळलं नाही. मला त्यांची कणव आली आणि राग पण आला. टाइप केलेला कागद त्यांनी घेतला, माझ्यासमोर फाडायला निघाल्या, आणि मी म्हणालो, "मॅडम, फाडू नका. रद्द लिहा आणि फाइलला लावा." त्या थांबल्या. पहिल्यांदाच हसल्या. मग आडवी रेघ मारून 'रद्द' लिहिलं. नवा कागद घेतला. त्यावर मी माझ्या अक्षरात लिहिलं: घर पाहिलेलं नाही, नग त्रेचाळीस, सर्वांचे कोपरे कापलेले, वजन चिठ्ठीशी जुळतं, दहा ग्रॅम वगळून. खाली सही, वेळ एक वाजून पाच. चहावाल्याने कागद ओढून घेतला, पूर्ण वाचला आणि खाली सही केली. "एवढ्या सह्या केल्या ओ काका," तो म्हणाला, "वाचून ही पहिलीच."

मॅडमनी त्याला सोडायला सांगितलं आणि मग त्याला बाहेर आणलं. तिच्या नवऱ्याला. मी मनात कुणीतरी मोठा माणूस धरला होता. हा माझ्यापेक्षाही बारीक, पन्नाशीचा. भिंतीला धरून चालत होता. डावा कान सुजून वांग्यासारखा झाला होता. इतका वेळ मी हवेत होतो, तो जमिनीवर आलो.

"याला मारलंय," मी म्हणालो.

"पडला तो," हवालदार खिडकीकडे बघत म्हणाला.

मॅडम म्हणाल्या, "सिव्हिलला नेऊन तपासून घ्या. कागद करा." त्यांचा आवाज खाली गेला होता.

मी पिशवीतून माझी डायरी काढली. त्याच आवेशात होतो. त्याला म्हणालो, "तुम्ही सांगा, मी लिहितो. तारीख, वेळ, कोण, कशाने. कालचे सहा ते आजचा एक, एकोणीस तास झाले, आणि यांच्या कागदावर झडती आज सकाळी नऊची आहे. हे सगळं लिहू. मी साक्षीला येतो, जिथे म्हणाल तिथे."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नाही. "भाऊ," तो म्हणाला, "तुमी लई केलंत. पर तुमी सही करून घरी जानार. मी त्याच बाजारात बसनार, आन् हे बी तितंच येनार. नगा लिहू."

"पण हा तुमचा हक्क आहे."

"व्हय, हाय की. घरी जायाचा बी हाय ना?"

बाईने माझ्या हातातली डायरी हळूच मिटली. दवाखान्यालाही तो नाही म्हणाला. तिथे रांग, परत कागद, परत हवालदार. मी आणखी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. ते बरोबर केलं की चूक, हा हिशेब मला आजपर्यंत मांडता आलेला नाही. डायरीत त्या दिवसाच्या पानावर फक्त त्याच्या कानाचं वर्णन आहे, माझ्या सहीसह. लागलं तर असावं म्हणून. त्याला ते माहीत नाही.

दोन वाजून पंधरा मिनिटांनी आम्ही बाहेर पडलो. वीस तास पंधरा मिनिटं. चादरी पुन्हा प्लॅस्टिकात बांधल्या, पावती घेतली, पावतीवर नग आणि वजन दोन्ही लिहून घेतलं. हवालदाराने गाठोडं रिक्षापर्यंत उचलून दिलं. "काका," तो मला म्हणाला, "परत पंच लागला तर तुम्हाला हाक मारणार नाही हां."

"मारा," मी म्हणालो. "मी येतो."

रिक्षात तो, ती, गाठोडं आणि कोपऱ्यात मी, कारण गाठोडं उतरवायला माणूस हवा होता. बाजारात जागा धरायची वेळ निघून गेली होती. बाई बोलत होती, थांबतच नव्हती. घरी गेल्यावर काय करायचं, कुणाकुणाला फोन लावायचा, पुढच्या मंगळवारी लवकर जाऊन जागा धरायची. तो एका हाताने कान झाकून बाहेर बघत होता आणि मधूनच हसत होता. मीही हसत होतो.

वस्तीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. मी पाकीट काढलं. त्याने माझा हात धरून खाली केला. त्याला गोदामवाल्याकडून काही मिळालं नाही, सरकारकडून काही मिळालं नाही, वीस तासांचे शून्य रुपये आणि बुडालेल्या बाजाराचे शून्य. रिक्षाचे ऐंशी रुपये झाले होते. ते बाईने कमरेच्या पिशवीतून काढले, त्याने मोजले, आणि रिक्षावाल्याला दिले.